प्लेन्सचा शेंगावाला डीकन

जिमी कार्टर म्हटलं की आपल्याला व्हाइट हाऊस, कॅम्प डेव्हिड, इराणमधले ओलीस वगैरे आठवतं, ते सगळं आज बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स नावाच्या सहा-सातशे वस्तीच्या गावातल्या भुईमूगवाल्याबद्दल, जो तिथल्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये डीकन होता.

डीकन म्हणजे पाद्री नव्हे हं. पगार नाही, काही नाही, मंडळीतलाच माणूस, मंडळीनेच निवडलेला. कुणी आजारी आहे का बघायचं, प्रभुभोजनाच्या वेळी ताटं फिरवायची, चर्चचा कारभार सांभाळायचा. आणि बॅप्टिस्टांमध्ये वर हुकूम सोडणारा बिशप नसतो, चर्चचे निर्णय सभासद मतदानाने घेतात, म्हणजे आपली ग्रामसभाच म्हणा ना! हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लहानपण गेलं शेजारच्या आर्चरीत. घरात वीज नाही, नळ नाही, आजूबाजूला वाट्यानं जमीन कसणारी बहुतेक काळी कुटुंबं. कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या किड्यासाठी आर्सेनिक, काकवी आणि पाणी कालवून ते फडक्याने एकेका झाडाला फासायचं, हे पोरांचं काम, आणि ते अंगाला चिकटायचं, त्यावर माश्या. त्यापेक्षा गावात उकडलेल्या शेंगा विकणं बरं, तेही हा पोरगा करायचाच.

पुढे नौदल, पाणबुड्या. १९५३ मध्ये वडील कॅन्सरने गेले आणि हा चांगली नोकरी सोडून बायकापोरांसकट गावी आला, बायको रोझलिन भयंकर चिडलेली. १९५४ ला दुष्काळ, वर्षाची कमाई तीनशे डॉलरही नाही. पण धंदा नुसत्या शेतीचा नव्हता, गोदाम होतं, बियाण्याच्या शेंगा विकायच्या, खतं द्यायची, शेतकऱ्यांचा माल वाळवून ठेवायचा, हिशेब रोझलिनकडे. म्हणजे गिऱ्हाईक कोण? रविवारी चर्चमध्ये शेजारी बसतो तोच. मला वाटतं या माणसाची खरी गोष्ट इथेच आहे.

काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवू पाहणाऱ्या गोऱ्यांची व्हाइट सिटिझन्स कौन्सिल ही संघटना निघाली तेव्हा सभासद व्हा म्हणून लोक गोदामात आले, वर्गणी फक्त ५ डॉलर, तीही आम्ही भरतो म्हणाले. यांनी नाही म्हटलं. काही गिऱ्हाईकं तुटली, बरीचशी नंतर परत आली.

मग १९६५. काळ्या लोकांना चर्चमध्ये येऊ द्यायचं नाही असा ठराव डीकन मंडळाकडून आला. कार्टर सभेत उभे राहून विरोधात बोलले. ठरावाच्या बाजूने ५४ मतं, विरोधात ६, त्यातली पाच याच घरची, आई लिलियनसुद्धा. बाकी बहुतेक लोक गप्प बसले आणि नंतर फोन करून म्हणाले, मनातून तुमच्याच बाजूचे होतो. (सभागृहात हशा.) हसू नका, आपल्याकडेही सोसायटीच्या मीटिंगा बघितल्यात मी.

हीच लिलियनबाई पुढच्या वर्षी, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून नर्स म्हणून आपल्या विक्रोळीत आली, गोदरेजच्या वसाहतीत.

आता त्यांना संतही करू नका. १९७० च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत याच कार्टरनी वर्णभेदवाल्या मतदारांना चुचकारलं, हेही खरंय. आणि चर्च काही त्यांनी त्या ठरावावरून सोडलं नाही, तिथेच राहिले. ती बंदी उठली १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये, ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर, तेही एक काळा पाद्री दारात येऊन उभा राहिला आणि जगभर बोभाटा झाला म्हणून. त्यानंतर चर्च फुटलं, १९७७ मध्ये मारानाथा चर्च निघालं. कार्टर वॉशिंग्टनहून परतल्यावर तिथे गेले, डीकन झाले, नव्वदी उलटली तरी संडे स्कूल, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, घेत होते. २००० मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या बॅप्टिस्ट चर्चांच्या मोठ्या संघटनेशी संबंध तोडले, स्त्रियांना पाद्री होता येणार नाही असं त्या संघटनेने ठरवल्यावर. मारानाथात तर रोझलिनही डीकन झाल्या.

चिठ्ठी आलीय, शेतीचं पुढे काय झालं? १९८१ मध्ये परतले तेव्हा धंद्यावर दहा लाख डॉलरच्या वर कर्ज होतं, गोदाम विकावं लागलं, जमीन ठेवली. त्यातल्या दहा एकरांवर २०१७ मध्ये सोलर पॅनेल बसले, गावाची अर्ध्याहून जास्त वीज निघेल एवढे.