मेंढपाळ सांतियागो आणि सोन्नलगीचा सिद्धराम

नमस्कार मंडळी. समोर सोलापूरकर बरेच दिसतात, म्हणून पाउलो कोएलो यांच्या ‘द अल्केमिस्ट’बद्दल बोलताना सोन्नलगीच्या, म्हणजे जुन्या सोलापूरच्या, सिद्धरामेश्वरांची कथाही सोबत घेतो. १९८८ साली पोर्तुगीजमध्ये आलेली ही कादंबरी आणि आपल्या गड्ड्याच्या जत्रेतल्या देवाची कथा, दोन्हींत सुरुवातीला रानात जनावरं राखणारा मुलगा आहे.

पिरॅमिडांपाशी खजिना असल्याचं स्वप्न सांतियागोला दोनदा पडतं. ६० मेंढ्यांपैकी ६ तो वाट सांगणाऱ्या वृद्ध राजाला देतो, उरलेल्या विकून मोरोक्कोतल्या टँजियरला उतरतो आणि पहिल्याच दिवशी लुबाडला जातो. मग येतं चढावरचं काचसामानाचं दुकान, जिथे तो नोकरी धरतो. पुस्तकातला हा सर्वांत सरस भाग. तो धुळकट पेले पुसतो, चढाच्या पायथ्याशी काचेचं कपाट उभं करायला लावतो, वर दमून येणाऱ्यांना त्याच पेल्यांतून चहा देण्याची कल्पना काढतो. ११ महिने ९ दिवसांनी गाठीशी १२० मेंढ्यांचे पैसे असतात. इथे कष्ट आणि हिशेब आहेत, म्हणून मुलगा बदलतोय हे पटतं. मक्केची आस जगवते, ती पुरी झाली तर उरेल काय, या भीतीने न जाणारा दुकानदार तर नायकाहून जिवंत उतरला आहे.

वाळवंटात मात्र पकड सुटते. राजाने सांगितलेलं तत्त्वच तिथे भेटलेला किमयागार, म्हणजे शीर्षकातला अल्केमिस्ट, पुन्हा पुन्हा सांगतो. अडलं की शकुन हजर, त्यामुळे नायकाची काळजी वाटत नाही. वाळवंटात त्याचं जिच्यावर प्रेम बसतं, त्या फातिमाच्या वाट्याला नुसती वाट पाहणं. ती वाळवंटातली बाई आहे, एवढ्यावर लेखक भागवतो. विड्या वळून घर चालवणाऱ्या बायकांच्या शहरात वाढलेल्या वाचकाला हे खटकतं.

शेवटी, ज्या पडक्या चर्चमध्ये तो मेंढ्यांसह झोपला होता, तिथेच खजिना निघतो. अरबी सुरस गोष्टींच्या संग्रहात बगदादच्या माणसाला कैरोला जाऊन असंच कळतं. कलाटणी जुनी, पण इथे छान बसली आहे.

आता सिद्धराम. रानात जंगमाच्या वेशात आलेल्या मल्लय्यासाठी, म्हणजे श्रीशैलच्या मल्लिकार्जुनासाठी, दहीभात आणायला घरी धावला, परत येतो तर मल्लय्या नाही. शोधत श्रीशैलला गेला, कड्यावरून उडी घेणार तोच दर्शन झालं आणि आज्ञा झाली, सोन्नलगीला परत जा. परतल्यावर त्यांनी तलाव खोदवला, ६८ लिंगं स्थापली. सांतियागोला पेटी सापडल्यावर भविष्य सांगणारीला कबूल केलेला दहावा हिस्सा आठवतो आणि तो फातिमाकडे निघतो. गाव कुठेच नाही. स्वतःचा शोध लागल्यावर माणसाने काय करायचं, हा प्रश्न कादंबरी घेतच नाही, आणि माझी मोठी तक्रार हीच आहे.

तरी घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ती जरूर द्या. चर्चेला येताना दुकानाचा भाग आणि वाळवंटातला वाऱ्याशी संवादाचा भाग शेजारी ठेवून वाचा, आणि सांतियागो स्वतःच्या हाताने काही करतो तिथे पेन्सिलने खूण करत जा.