दीड पोतं वजनाचे जगज्जेते

नमस्कार श्रोतेहो.

आज मेक्सिकोला जाऊ या. कुस्तीच्या फडावर, पण मातीच्या नव्हे, दोरखंडांच्या चौकोनातल्या. तिकडे या व्यावसायिक कुस्तीला लुचा लिब्रे म्हणतात. आणि सांगायची आहे ती एका पट्ट्याची गोष्ट. पट्टा वेल्टरवेट गटाच्या जगज्जेतेपदाचा. मेक्सिकोच्या हिशेबात वेल्टरवेट म्हणजे 70 ते 77 किलो. घरात गव्हाचं पन्नास किलोचं पोतं येतं ना? तसं दीड पोतं.

शेजारच्या अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीचे राजे शंभर-सव्वाशे किलोचे. त्यांच्यापुढे हे दीड पोत्यावाले हलकेच. पण मेक्सिकोत लोकांनी जीव लावला तो या हलक्या मंडळींवर. का? एक म्हणजे तिथले बहुतेक पैलवान याच वजनाचे. दुसरं म्हणजे हलका माणूस उडतो. दोरावरून झेपावतो, हवेत गिरकी घेतो, समोरच्याच्या मानेभोवती पायांची कैची घालून त्याला फेकून देतो. साल्व्हादोर लुत्तेरोथ नावाच्या माणसानं 1933 मध्ये मेक्सिको सिटीत कुस्तीची कंपनी काढली. ती आजही चालू आहे. दुसऱ्याच वर्षी, 1934 मध्ये, राष्ट्रीय लाइटवेटचा किताब सुरू झाला. त्याची मर्यादा 70 किलो. आपला वेल्टरवेटचा पट्टा आला 1946 च्या मार्चमध्ये. अंतिम कुस्तीत पीट पँकॉफला हरवून तो जिंकला एल सांतो यानं.

एल सांतो. म्हणजे संत. आता ऐका, माझी सगळ्यात आवडती गोष्ट इथून सुरू होते.

रोदोल्फो गुझमान उएर्ता हे त्याचं खरं नाव. जन्म 1917, इदाल्गो प्रांतातलं तुलान्सिंगो गाव. 1942 मध्ये वस्तादानं त्याच्यापुढे तीन नावं ठेवली: संत, सैतान आणि देवदूत. त्यानं संत उचललं आणि चेहऱ्यावर रुपेरी मुखवटा चढवला. नाव संताचं, पण वागणं? लुचा लिब्रेत दोन बाजू असतात. एक तेक्निको, म्हणजे नियमानं लढणारे. दुसरे रुदो, म्हणजे राडा करणारे, पंचाची नजर चुकवून डाव साधणारे. आपला संत होता रुदो. 1962 पर्यंत तो रुदोच राहिला.

दुसरा माणूस अलेहांद्रो मुन्योस. जन्म 1922 चा, न्यूव्हो लेओन प्रांतातला. मॉन्तेरेला रेल्वेत काम करायचा. रोलांदो व्हेरा या नामवंत पैलवानाच्या हाताखाली तो तयार झाला आणि 1948 मध्ये निळा मुखवटा घालून ब्लू डेमन झाला. निळा सैतान.

तिसरा माणूस ब्लॅक शॅडो, काळी सावली. ब्लू डेमन आणि ब्लॅक शॅडो जोडीनं लढायचे, आणि त्या जोडीला लोक शॅडो बंधू म्हणायचे. रक्ताचे भाऊ नव्हेत, पण सख्ख्यांसारखे. दोघेही त्या वेळी रुदोच.

आणि आली 7 नोव्हेंबर 1952 ची रात्र.

जागा अरेना कोलिसेओ. मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात, पेरू रस्त्यावर, 77 नंबरला. लुत्तेरोथनं ती 1943 मध्ये बांधली. आतली बैठक अशी उतरत जाते की लोक तिला नरसाळं म्हणतात. वरच्या रांगेतल्या माणसालाही वाटतं, आपण रिंगणाच्या काठावर बसलोय. त्या नरसाळ्याच्या तळाशी त्या रात्री दोघे उभे होते, एल सांतो आणि ब्लॅक शॅडो. पणाला काय? पट्टा नाही. पैसे नाहीत. मुखवटा विरुद्ध मुखवटा.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मुखवट्याच्या पैलवानाचं खरं नाव प्रेक्षकांना माहीत नसतं. मुखवटा हरला की तो भर रिंगणात उतरवायचा, खरं नाव सांगायचं, गाव सांगायचं, आणि तो मुखवटा पुन्हा कधी घालायचा नाही. पट्टा गेला तर परत जिंकता येतो. मुखवटा गेला की गेला.

तीनपैकी दोन डाव जिंकायचे, वेळेची मर्यादा नाही. तासाहून जास्त वेळ कुस्ती चालली. तासाहून जास्त! तालमीत जोर-बैठका मारणाऱ्यांना विचारा, दहा मिनिटं पूर्ण ताकदीनं झुंजलं तर छातीचा भाता कसा होतो ते. आणि शेवटी ब्लॅक शॅडो हरला. काळा मुखवटा उतरला. आतून निघाला लेओन गावचा अलेहांद्रो क्रूस. म्हणजे शॅडो बंधूंमधला हाही अलेहांद्रो आणि तोही अलेहांद्रो. एकाचा चेहरा आता सगळ्यांनी पाहिला होता, दुसऱ्याचा निळ्या मुखवट्याआड होता.

त्या रात्रीनंतर ब्लू डेमननं बाजू बदलली. रुदो होता तो तेक्निको झाला. भावाचा मुखवटा ज्यानं उतरवला त्याच्याविरुद्ध नियमानं लढणारा झाला. पुन्हा सांगतो, नीट ऐका: संत खलनायक आणि सैतान नायक. मेक्सिकोसारख्या श्रद्धाळू कॅथलिक देशात हजारो माणसं सैतानाच्या नावानं जयघोष करत होती, संताची हुर्यो उडवत होती. मला या गोष्टीत हीच जागा सगळ्यात जास्त आवडते. नावाला कुणी भुललं नाही. लोकांनी वागणं पाहिलं.

आणि इथे आपला पट्टा पुन्हा येतो. वेल्टरवेटचा पट्टा होता सांतोकडे. सप्टेंबर 1953 मध्ये ब्लू डेमननं त्याला हरवून तो जिंकला. ब्लॅक शॅडोचा मुखवटा काही परत येणार नव्हता, पण सांतोच्या कमरेचा पट्टा उतरवता आला. तो पट्टा ब्लू डेमननं 1958 पर्यंत, जवळजवळ पाच वर्षं सोडला नाही.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, अहो, ही तर नूराकुस्ती. निकाल आधी ठरलेले. बरोबर आहे, ठरलेले असतात. पण आपल्याकडची नूराकुस्ती म्हणजे निकाली कुस्तीचं तिकीट घेतलेल्या माणसाची फसवणूक, ती मला जराही खपत नाही. लुचा लिब्रे बघायला जाणारा माणूस वेगळं काही बघायला जातो. आणि निकाल ठरलेला असला तरी पाठ खरीच आपटते, गुडघा खराच निखळतो. अशा खेळात पट्टा कुणाला द्यायचा? ज्याच्या नावावर आठवड्यामागून आठवडा नरसाळं भरतं, आणि ज्याच्या अंगाखाली समोरचा पैलवान सुरक्षित असतो, त्याला. म्हणून त्या काळातला सगळ्यात मोठा तारा सांतो, त्यानं ब्लू डेमनकडून हरायचं, हे मला मोठं वाटतं.

1952 साल निघालंच आहे, तर थोडं आपल्याकडे येतो. त्याच वर्षी जुलैत हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. गट बँटमवेट, 57 किलो. आणि वाटेत त्यांनी ज्यांना हरवलं, त्यांत एक मेक्सिकोचा पैलवान होता, लिओनार्दो बासुर्तो. ती खरी, निकाली कुस्ती. मेक्सिकोनं आपल्या हलक्या पैलवानांना डोक्यावर घेतलं. आपण गदा, हत्ती, मिरवणूक सगळं मोठ्या वजनासाठी राखून ठेवतो, आणि खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 साली, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. जत्रेच्या फडात शेवटची कुस्ती पाहायला गर्दी करणाऱ्यांना माझी विनंती आहे, जरा लवकर या. 57 किलोची पोरं दुपारी लढून जातात.

असो. पट्ट्याकडे वळतो.

1958 मध्ये कार्लोफ लागार्दे यानं ब्लू डेमनला हरवलं आणि पट्टा तब्बल सात वर्षं सांभाळला. 1965 मध्ये त्याच्याकडून तो घेतला उराकान रामिरेस यानं. उराकान म्हणजे वादळ. हे नाव आधी सिनेमातल्या पात्राचं होतं, रिंगणात पुढे दानिएल गार्सिया यानं ते आपलंसं केलं. मघाशी मी पायांच्या कैचीचा डाव सांगितला ना, त्याची एक जात त्याच्या नावानं जगभर ओळखली जाते. पुढे पट्टा पुष्कळ फिरला, जपानलाही गेला. 1996 मध्ये तिथे आठ वेगवेगळे पट्टे एकाच पैलवानाच्या हाती आले, त्यांत हाही होता. 2010 मध्ये अमेरिकेतल्या संघटनेशी नावावरून वाद झाला, तेव्हा मेक्सिकोच्या कंपनीनं ‘ऐतिहासिक’ असा शब्द जोडून नवा पट्टा केला आणि परंपरा चालू ठेवली.

सांतो आणि ब्लू डेमन पुढे सिनेमात खांद्याला खांदा लावून लढले. पडद्यावर मित्र, पण बाहेर दोघांमधलं अंतर मिटलं नाही. आणि इतक्या वर्षांत एकमेकांविरुद्ध मुखवटा पणाला लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. जानेवारी 1984 मध्ये सांतोनं दूरचित्रवाणीवर मुखवटा क्षणभर वर केला, अर्धवट. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 5 फेब्रुवारीला तो गेला. ब्लू डेमन 1989 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, शेवटची मोठी कुस्ती खेळला. तिथेही मुखवटा पणाला होता. समोरच्या रायो दे हालिस्कोचा मुखवटा उतरला, याचा राहिला. डिसेंबर 2000 मध्ये तोही गेला.

सांतोला पुरलं तेव्हा चेहऱ्यावर रुपेरी मुखवटा होता. ब्लू डेमनला पुरलं तेव्हा निळा.

नमस्कार.