बोटं उलटी वाकतात तेव्हा

ज्यांच्याकडे पेन असेल त्यांनी ते हातात घ्या आणि कागदावर जरा दाबून एक गोल काढा. काढताना तर्जनीच्या शेवटच्या पेराकडे लक्ष ठेवा. काहींचं ते पेर आत दबून उलट्या बाजूला वाकलेलं दिसेल. ज्यांचं तसं होतंय, त्यांना सैल सांध्यांच्या मुलांबद्दलचं पुढचं बोलणं लवकर पटेल.

माझ्याकडे एक पाच वर्षांची मुलगी आली होती. अंगठा पेन्सिलीवरून पार पलीकडे नेऊन तर्जनीवर दाबून धरलेला, नखं पांढरीफटक. वहीत शेरा होता, ‘पेन्सिल नीट धरत नाही’. मी म्हटलं, बाईंनी सांगितलंय तशी धरून दाखव. शहाण्या मुलीसारखी तिने धरली. रेघ थरथरली, दोन ओळींनंतर तिने हात झटकला आणि अंगठा गुपचूप मूळ जागी नेला. रेघ पुन्हा सरळ! मग आपण चूक कशाला म्हणायचं?

सांध्याला हद्दीत धरून ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. सैल सांध्यांच्या मुलांमध्ये ते जास्त ताणले जातात. पेन्सिलीचा दाब आला की बोट पार शेवटापर्यंत वाकतं आणि त्याला सावरायचं काम स्नायूंवर पडतं. छोटे स्नायू ते, लवकर थकतात. त्यातून अशा काही मुलांना बोट नेमकं कुठे आहे, किती दाबलंय, याचा अंदाज कमी येतो, म्हणून ती आणखी दाबतात. अंगठा गुंडाळणं हे त्या मुलीने स्वतः शोधलेलं कुलूप होतं. अर्थात, कुलूप लावलं की बोटं हलत नाहीत. मग अक्षर मनगटातून काढावं लागतं आणि हात दुखतो.

सांधे किती सैल आहेत हे बेटन मोजपट्टीवर बघतात. एकूण 9 गुण. अंगठा मनगटाकडे वाकवून मनगटामागच्या हाताला (कोपरापर्यंतच्या भागाला) टेकतो का, करंगळी मागे 90 अंशांपलीकडे जाते का, वगैरे. मुलं मुळातच लवचिक असतात, त्यामुळे नुसत्या गुणांवरून कुणाला आजारी ठरवू नका. अनेकांना काही त्रासच नसतो. सांधे वारंवार दुखत किंवा निखळत असतील, तर मात्र डॉक्टरांकडे जा.

तीन बोटांची पकड हीच खरी, हा आपला हट्ट आहे. चौथीतल्या मुलांच्या अभ्यासांत तीन बोटांच्या आणि चार बोटांच्या, अंगठा आडवा टाकलेल्या पकडींची तुलना झाली. वेगात आणि वाचनीयतेत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ती मुलं सैल सांध्यांची म्हणून निवडलेली नव्हती, हे कबूल. पण पकडीचा आकार बघून शेरा मारण्याआधी थांबायला एवढं पुरे.

मी बघते ते वेगळं: हात दुखतो का, कागद फाटतो का, लिहायचं म्हटलं की पोट दुखायला लागतं का. तसं असेल तर पाय जमिनीला टेकतील असं बसवा, उतरत्या फळीवर कागद ठेवा, मऊ शिशाची पेन्सिल द्या, लिखाण तुकड्यातुकड्यांत करून घ्या. रबरी ग्रिपने कधी काम होतं, कधी ती दप्तराच्या तळाशी सापडते.

त्या मुलीला मी पेन्सिल तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात अडकवून दिली. दिसायला विचित्रच. चार-पाच गोल काढून ती आईला म्हणाली, “हिला धरावंच लागत नाही.”