डॉ. मुयेम्बे आणि इबोलाची चव्वेचाळीस वर्षं

सप्टेंबर १९७६. तेव्हाच्या झैर देशात, म्हणजे आजच्या काँगोत, उत्तरेला जंगलात यांबुकु नावाचं खेडं आहे, तिथे बेल्जियन नन्सचं मिशन हॉस्पिटल आणि त्या हॉस्पिटलात माणसं तापाने फणफणून पटापट मरतायत. काय आजार आहे कोणालाच कळत नाहीये. राजधानी किन्शासाहून सरकार एका डॉक्टरला पाठवतं. झां-जाक मुयेम्बे, वय ३४, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, बेल्जियममध्ये व्हायरॉलॉजीत, म्हणजे व्हायरसच्या शास्त्रात, पीएचडी केली आणि परत आपल्या देशात आला. परत आला हे मुद्दाम सांगतोय, कारण त्या काळात काँगोत व्हायरॉलॉजी शिकलेलं माणूस म्हणजे जवळजवळ हाच एकटा.

पोचले तर हॉस्पिटल रिकामं, लोक घाबरून पळालेले. टायफॉइड असेल असं वाटलं म्हणून ते आजाऱ्यांचं रक्त घ्यायला बसले, हातात ग्लोव्ह्ज नाहीत, काही नाही. एरवी सुई काढून कापसाचा बोळा दाबला की रक्त थांबतं ना, इथे थांबतच नव्हतं, टोचलेल्या जागेतून वाहतच राहिलं, बोटं, तळवे सगळे माखले. त्यांनी साबण-पाण्याने हात धुतले. एवढंच संरक्षण! त्या दिवशी ते कसे वाचले हे आजही नवलच आहे.

एका आजारी ननला त्यांनी समजावून सोबत किन्शासाला आणलं. ती तिथे वारली, पण तिचं रक्त थर्मासमधून विमानाने बेल्जियममधल्या अँटवर्पला गेलं आणि तिथे मायक्रोस्कोपखाली लांबच लांब, अळीसारखा व्हायरस दिसला. पुढे कळलं की हा अगदी नवीन आहे. गावाची बदनामी नको म्हणून जवळच्या नदीचं नाव दिलं, इबोला. त्या साथीत ३१८ लोकांना लागण झाली आणि २८० गेले. मोठं कारण काय, तर हॉस्पिटलात त्याच त्या मोजक्या सुया नीट न उकळता सगळ्यांना टोचल्या जात होत्या.

आणि मग इबोला शोधला कोणी, तर कित्येक वर्षं गोष्ट थेट अँटवर्पच्या लॅबपासून सुरू व्हायची. ज्याने जीव धोक्यात घालून रक्त गोळा केलं त्याचं नाव कुठेतरी ओझरतं यायचं. हे मला तरी अन्यायच वाटतं.

१९९५ मध्ये किकविट शहरात पुन्हा इबोला. दर पाचातले चार पेशंट दगावतायत आणि औषध काहीच नाही. मुयेम्बेंच्या डोक्यात एक साधा विचार आला, जे बरे झाले त्यांच्या रक्तात व्हायरसशी लढणाऱ्या अँटीबॉडीज असणारच, तर तेच रक्त आजाऱ्यांना का देऊ नये? परदेशी तज्ज्ञांना हे पटलं नाही. तरी काँगोच्या डॉक्टरांनी आठ जणांना रक्त दिलं आणि त्यातले सात वाचले. सात! यावर टीका झाली, की तुलनेला दुसरा गट नाही, हे सात जण एरवीही वाचले असते कशावरून. शास्त्र म्हणून ती शंका रास्तच होती, पण मुयेम्बेंनी तो धागा सोडला नाही.

किकविटमध्ये वाचलेल्या एका माणसाचं रक्त अकरा वर्षांनी अमेरिकेतल्या संशोधक नॅन्सी सलिव्हन यांच्या टीमने तपासलं, तर अँटीबॉडीज अजून शाबूत होत्या. त्यातली एक निवडून औषध बनवलं, नाव एमएबी११४.

परीक्षा झाली ती पूर्व काँगोत, २०१८ नंतरच्या साथीत. आजूबाजूला बंदूकधारी टोळ्या, उपचार केंद्रांवर हल्ले, आणि अशात ६८१ पेशंटची चाचणी, चार औषधं शेजारी शेजारी, कोणाला कुठलं हे चिठ्ठी टाकल्यासारखं. ऑगस्ट २०१९ मध्ये निकाल आला. ज्या औषधाशी तुलना होती त्यात निम्मे पेशंट गेले, एमएबी११४ मध्ये साधारण ३५ टक्के, आणि अशाच अँटीबॉडीजच्या आणखी एका औषधाचाही तसाच गुण आला. व्हायरस अंगात कमी असताना, म्हणजे लवकर आलेल्यांमध्ये, दहातला साधारण एकच दगावला. तोवर लोक म्हणायचे, उपचार केंद्रात नेलेलं माणूस परत येत नाही, म्हणून आजारी माणसाला घरातच लपवायचे. त्याच महिन्यात गोमा शहरात एक आई आणि तिचं वर्षभराचं बाळ बरं होऊन केंद्राबाहेर आलं, वडील मात्र आधीच गेले होते. इबोलाला आता असाध्य म्हणायचं नाही, हे मुयेम्बे तेव्हा सगळ्यांना सांगत होते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने एमएबी११४ ला मान्यता दिली.

आणखी एका गोष्टीवर ते अडून बसले. काँगोतले नमुने परदेशी टीम उचलून नेणार आणि इथल्यांच्या हाती काहीच उरणार नाही, हे बंद. तपासणी किन्शासातल्या त्यांच्या आयएनआरबी या राष्ट्रीय जैववैद्यकीय संशोधन संस्थेतच करायची. तिची नवी इमारत २०२० मध्ये जपानच्या मदतीने उभी राहिली, आणि आता तिथे काँगोतलेच तरुण शास्त्रज्ञ व्हायरसचा जीनोम, म्हणजे त्याचा पूर्ण जनुकीय आराखडा, वाचतात.