साकवापलीकडचा पट

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात शाळांच्या अनुदानाचा विषय निघाला की बोलणं शिक्षणाच्या माध्यमावर जातंच. 1990 साली प्राथमिक शाळांचं अनुदान मराठी आणि कोकणीपुरतं ठेवलं गेलं. 2011 साली इंग्रजी शाळांनाही ते देण्याचा निर्णय झाला, त्याविरोधात भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला. 2012 साली सरकार बदललं, पण अनुदान चालूच राहिलं. मुलाने पहिलं अक्षर आईच्या भाषेत गिरवावं, असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण या वादात आपली एवढी वर्षं गेली की हायस्कुलाकडे बघायचं राहून गेलं.

शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. पुन्हा सांगते, आठवीपर्यंतच. नववी आणि दहावी त्या छत्राच्या बाहेर. आणि मुलं गळतात ती नेमकी तिथेच.

आपल्याकडची बरीचशी हायस्कुलं खाजगी संस्थांची, अनुदानावर चालणारी. पटावरून तुकडी ठरते, तुकडीवरून शिक्षक ठरतात, शिक्षकांवरून पगाराचं अनुदान. पट, तुकडी, शिक्षक. ही साखळी ध्यानात ठेवा, कारण मी जे सांगणार आहे ते हिच्यावरच आहे.

सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचे. जुलैचा महिना होता, तीन दिवस पाऊस खंडला नव्हता. सकाळी साडेनऊला तपासणीचे साहेब आले, पट मोजायला. आमच्या नववीच्या दोन तुकड्या होत्या, दुसरी कशीबशी उभी राहिलेली. त्या दिवशी तिच्यात अर्धे बाक रिकामे. ओहोळावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, पाण्याखाली गेला होता आणि पलीकडच्या वाड्यावरची मुलं तिकडेच अडकली होती. हेडमास्तरांनी साहेबांना सांगून पाहिलं. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्या कागदावर ‘साकव बुडाला’ असा रकानाच नव्हता. हजर किती, एवढाच रकाना. त्यांनी आकडा लिहिला, सही केली, पेनाचं टोपण लावलं. तुकडी गेली तर आमच्यातला सगळ्यांत धाकटा शिक्षक जादा ठरणार होता. तो दाराशीच उभा होता, हातातला खडू बोटांनी कुस्करत.

अकरा वाजले. साहेबांसमोर पातळभाजी, पाव आणि चहा ठेवला होता. तेवढ्यात फाटकातून एक बाई आल्या. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, मागे ओळीने नऊ मुलं. डोंगरमाथ्यावरचा सडा चढून, पलीकडे उतरून, डांबरी रस्त्याने सगळा वळसा घालून त्यांनी मुलांना चालवत आणलं होतं. दप्तरं खताच्या रिकाम्या पिशव्यांत बांधलेली. मुलांचे ओठ निळे पडले होते. बाईंचा स्वतःचा मुलगा त्या नवांत एकच, बाकीची शेजाऱ्यांची. काजूच्या बागायतीत रोजावर जाणारी बाई, त्या दिवसाचा रोज बुडवून आली होती. पट मोजणार हे तिला कुणी सांगितलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

ती व्हरांड्यात आली, मुलांना एका रांगेत उभं केलं आणि म्हणाली, “सायबा, ही भुरगी आयली. आता मेजा.”

साहेबांनी हातातला पाव खाली ठेवला. एकेका मुलाला नाव विचारलं, हजेरीपत्रकात ते नाव शोधलं आणि झालेल्या सहीखाली नऊ नावं स्वतःच्या हाताने लिहिली. मग छत्री घेतली आणि म्हणाले, “तो साकव मला दाखवा.” दोघं पावसात गेले, बाई पुढे, साहेब मागे. तुकडी त्या वर्षी वाचली. धाकटा शिक्षकही राहिला.

श्रोतेहो, तुकडी वाचली ती एका आईने रोज बुडवला म्हणून. असं का व्हावं? 1908 साली पणजीत मुष्टिफंड ही शिक्षणसंस्था उभी राहिली तेव्हा सरकार आपलं नव्हतं, लोकांनीच शाळेसाठी हात पुढे केला. आज सरकार आपलं आहे. मग पटाबरोबर वाटही मोजा. ओहोळापलीकडचं मूल आणि पणजीतल्या बसथांब्यावरचं मूल एकाच आकड्यात बसवू नका.

आता नवीन शैक्षणिक धोरण नववीला आलं आहे. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नववी-दहावीला दहा विषय आहेत, त्यांत कला, शारीरिक शिक्षण आणि व्यवसायशिक्षणही. मला हे मनापासून आवडतं. नारळ पाडायला पाडेली मिळत नाही म्हणून आमच्याकडची कुळागरं, म्हणजे माड-पोफळीच्या बागा, ओस पडत चालली आहेत. माडावर चढणं, कलम बांधणं हे हायस्कुलात शिकवावं, त्याला संगणकाइतकाच मान द्यावा. आणि एप्रिलमध्ये वर्ग भरवताना काजूचा हंगाम आठवावा, त्या दिवसांत सत्तरीतलं अख्खं घर बागायतीत असतं.

पण दहा विषय शिकवणार कोण? पट घटला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक जातो, आणि मग विज्ञानाच्याच बाईंना व्यवसायाचा तास घ्यावा लागतो. मी घेतला आहे. शिवणयंत्राचा धडा मी फळ्यावर चित्र काढून शिकवला, कारण यंत्र नव्हतं.

तुमचे आमदार भेटले की त्यांना माध्यमाचं जरूर विचारा. पण त्याआधी एवढं विचारा: आमच्या हायस्कुलात नववीच्या व्यवसायाच्या विषयाला कायमचा शिक्षक आहे का? आणि पावसाळ्यात तिथवर जायची वाट सुरू असते का?

नमस्कार.