वारा पडला की

मंडळी, मी तीसेक वर्षं रत्नागिरीत पोरांना इंग्रजी शिकवलं. दर जूनमध्ये फळ्यावर एक वाक्प्रचार ठरलेला असायचा: एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग, प्रत्येक ढगाला चंदेरी कड असते. ढग म्हणजे संकट, असं मी सांगायचो. खिडकीबाहेर आभाळ गच्च भरून आलेलं असायचं, पेरण्या खोळंबलेल्या असायच्या, आणि वर्गातली निम्मी पोरं त्याच ढगाकडे डोळे लावून बसलेली असायची. त्यांनी निमूटपणे वहीत लिहून घेतलं, ढग बरोबर संकट. मला काही वाटलंही नाही तेव्हा.

त्या चंदेरी कडेचं मूळ इंग्रज कवी मिल्टनमध्ये आहे. १६३४ सालच्या २९ सप्टेंबरला इंग्लंडातल्या लडलोच्या किल्ल्यात त्याचं ‘कोमस’ हे नाट्यकाव्य झालं. त्यात एक मुलगी रात्री रानात वाट चुकलेली आहे. भाऊ कुठं गेले पत्ता नाही, मिट्ट काळोख. तिला एका काळ्या ढगाच्या आतून रुपेरी काहीतरी चमकल्यासारखं दिसतं आणि ती स्वतःलाच विचारते, मला भास तर नाही ना झाला? म्हणजे ती चांदी उन्हाची नाही, रात्रीची आहे. आणि मुलगी एका ढगाबद्दल बोलतेय. ‘प्रत्येक ढगाला’ हा नियम पुढं एकोणिसाव्या शतकात लोकांनी केला. नियम झाल्यावर ते वाक्य भेटकार्डावर छापण्याच्या लायकीचं झालं. मला ती घाबरलेली मुलगीच बरी वाटते.

पण इंग्रजांच्या बऱ्या-वाईट दिवसांच्या वाक्प्रचारांची खरी टांकसाळ समुद्रात आहे. आणि तिथं एक गंमत आहे. आपल्याला वाटतं, खलाशाचं संकट म्हणजे वादळ. वादळाचे वाक्प्रचार आहेतच. पण जे मनाला लागतात ते वादळाचे नाहीत, वारा पडल्याचे आहेत, पाणी ओसरल्याचे आहेत.

‘इन द डोलड्रम्स’ घ्या. विषुववृत्ताजवळ उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे व्यापारी वारे एकमेकांना भेटतात. तिथली तापलेली हवा वर चढते, त्यामुळं पाण्यालगत वारा असा राहतच नाही. शिडाचं जहाज तिथं दिवसच्या दिवस उभं राहायचं. शीड डोलकाठीला लोंबतंय, पिण्याचं पाणी रोज थोडं कमी होतंय, आणि करण्यासारखं काही नाही. कोलरिजच्या १७९८ सालच्या कवितेतल्या म्हाताऱ्या खलाशाचे हाल असेच होतात, सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, ते जहाज हलेनासं झाल्यावर. मला वाटायचं, आधी त्या जागेचं नाव पडलं असेल, मग मनाच्या अवस्थेला ते लागलं असेल. झालं ते उलट. शब्द आधी उदासपणाचा होता, समुद्राच्या त्या पट्ट्याला तो नंतर चिकटला. आपल्याकडे बाजाराच्या बातमीत यासाठी ‘मरगळ’ लिहितात. कुणी लावला हा प्रतिशब्द माहीत नाही, पण त्याला माझा नमस्कार.

‘टेकन अबॅक’ आम्ही ‘चकित होणे’ असा शिकवायचो, म्हणजे त्याची पार वाट लावायचो. वारा अचानक फिरून शिडांच्या पुढच्या अंगावर आदळायचा, शिडं डोलकाठीवर उलटी दाबली जायची, जहाज जागीच थांबायचं, कधी मागं जायला लागायचं. डोलकाठी मोडायचीही भीती. हे चकित होणं नव्हे, हबकणं आहे.

‘बिटर एंड’बद्दल, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाबद्दल, मात्र जरा जपून. डेकवर नांगराचा दोर बांधायला जाड खुंट असतात, त्यांना बिट्स म्हणतात. व्हर्जिनियाची वसाहत वसवणाऱ्यांतला कॅप्टन जॉन स्मिथ १६२७ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात सांगतो की दोराचा जो भाग जहाजावरच राहतो तो बिटर्स एंड. दोर तिथवर संपला, म्हणजे आणखी सोडायला काही उरलं नाही. पण बायबलमध्येही कडू शेवटाची गोष्ट आहे, तिचाही हात यात असणार. प्रत्येक शब्द समुद्रात नेऊन बुडवायची काही लोकांना फार हौस असते. ‘पॉश’ हा शब्द मुंबईला येणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या सावलीतल्या केबिनवरून आला, ही कथा तुम्हीही ऐकली असेल. ‘पॉश’ अशी अक्षरं लिहिलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही.

पैशाची ओढाताण असली की इंग्रज ‘टाइड ओव्हर’ म्हणतो. आपण म्हणतो, पगार होईपर्यंत भागवा कसंतरी. मुळात ते असं होतं: वारा नसला की भरतीच्या ओढीबरोबर थोडं पुढं सरकायचं, पाणी उलटं फिरलं की नांगर टाकून बसायचं, पुन्हा भरती आली की पुन्हा थोडं.

आता ‘हाय अँड ड्राय’. ओहोटीला जहाज उघड्यावर कोरडं पडतं ते. आम्ही अर्थ द्यायचो ‘असहाय स्थितीत सोडून दिलेला’. एका सहामाहीला वाक्यात उपयोग करा म्हणून हा वाक्प्रचार घातला. सगळ्या वर्गानं मार्गदर्शकातलं वाक्य उतरवलं, कुणाचा तरी मित्र कुणाला तरी वाऱ्यावर सोडून गेला. मिरकरवाड्याच्या, मच्छीमारांच्या बंदरावरच्या, एका मुलानं लिहिलं, अवर बोट वॉज हाय अँड ड्राय टिल इलेव्हन ओक्लॉक.

मी त्यावर तांबड्या शाईनं ‘लाक्षणिक अर्थ हवा’ असं लिहून अर्धा गुण कापला. पेपर वाटले तेव्हा तो टेबलापाशी आला. म्हणाला, “सर, चिखलात रुतली होती. अकराला पाणी आलं, मग सुटली.” मी म्हटलं, बरं, जा जाग्यावर बस.