बहात्तरची बाटली

मंडळी, बहात्तर म्हटलं की या सभागृहातल्या पांढऱ्या केसांना मिलोची लाल भाकरी, सुकडी आणि खडी फोडायची कामं आठवतात. काळ्या केसांनी ते आजीकडून ऐकलंय. ज्यांचे काळे केलेले आहेत, त्यांना दोन्ही लागू. मराठवाड्यात १९७२ ला कुणी चांगलं म्हणणार नाही आणि म्हणूही नये. वाईनच्या जगातही ते साल नापासांच्या यादीत पडलं, तिथं मात्र पेपर पुन्हा तपासावा लागतो. पत्रिकेत विषय छापलाय, 'जुन्या रेड वाईनचं ब्लाइंड टेस्टिंग आणि त्याचा निकाल कसा वाचावा'. ब्लाइंड टेस्टिंग म्हणजे लेबल झाकून चाखणं. निकालाकडे येतोच. आधी बहात्तर.

फ्रान्समध्ये बोर्दोला त्या साली द्राक्ष कच्चं उतरलं, भाव मात्र चढे लागले. ती वाईन तेव्हाही पाणचट-आंबट होती आणि पुढंही तशीच राहिली. तिची वकिली मी फी घेऊनही करणार नाही. त्याच साली फ्रान्समधल्याच बर्गंडीतली, पिनो न्वार द्राक्षाची लाल वाईन 'फार आंबट' म्हणून झटकली गेली. पण त्याच आंबटपणानं तिला पुढं धरून ठेवलं, आणि तळघरात ठेवून विसरलेले लोक फायद्यात राहिले. तिसरं ठिकाण कॅलिफोर्नियातलं नापा खोरं. तिथं काढणीच्या तोंडावर पाऊस आला. समोर कडवंचीकडचे बागायतदार बसले असतील, त्यांना याचा अर्थ मी सांगायला नको. क्लो दु वाल नावाच्या नव्या वाइनरीचा तो पहिलाच हंगाम होता.

आता पॅरिसला चला. २४ मे १९७६. स्टीव्हन स्परियर हा तिथं दुकान चालवणारा इंग्रज व्यापारी. त्यानं कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या बाटल्या झाकून फ्रेंच परीक्षकांपुढं ठेवल्या. पत्रकार एकच आला, 'टाइम'चा जॉर्ज टेबर. बाकीच्यांना निकाल आधीच ठाऊक होता ना! पण टेबरच्या हातात यादी होती. त्यामुळे एक परीक्षक एका पांढऱ्या वाईनचा घोट घेऊन 'हां, आलो परत फ्रान्सला' म्हणाले तेव्हा त्यांच्या पेल्यात नापाचीच वाईन आहे, हे त्याला दिसत होतं. लालमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३ पहिली आली, बोर्दोची मुतॉं रोत्शिल्ड १९७० तिच्या मागं. परीक्षक ओदेत कान यांनी आपला गुणांचा कागद परत मागितला. तो मिळाला नाही. (म्हणून तुमच्याकडे कागद शाईनं भरून घ्या आणि झाकण काढायच्या आत गोळा करा.) फ्रेंचांचं म्हणणं पडलं, कॅलिफोर्नियाच्या या पोरी आज गोड दिसतात, म्हातारपणी टिकायच्या नाहीत.

ही गोष्ट सगळे इथंच संपवतात. मला तिचा उत्तरार्ध जास्त आवडतो. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, न्यूयॉर्कला त्यांतल्याच लाल वाईन पुन्हा झाकून ठेवल्या. पहिली आली क्लो दु वाल १९७२. पॅरिसमध्ये ती आठवी होती! २००६ मध्ये लंडन आणि नापाला एकाच दिवशी तिसरा फेरा झाला. तेव्हा रिज माँटेबेलो १९७१ पहिली आली, पॅरिसला ती पाचवी होती, आणि वरचे पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाकडे गेले. पावसातली बहात्तरची क्लो दु वाल त्या पाचांत होतीच.

बोर्दोत काढणीनंतरच्या वसंतात, वाईन पिंपात असतानाच ती चाखून वर्षाचं नाव ठरतं. हे म्हणजे बारशालाच दहावीचा निकाल लावणं झालं. शिवाय वर्षाचं नाव ही अख्ख्या प्रदेशाची सरासरी. निचऱ्याच्या रेताड-खडकाळ जमिनीचा, फळ निवडून तोडणारा माणूस त्या सरासरीत बुडून जातो. २००० चा एवढा गवगवा झाला की पाठीवरचं २००१ झाकलंच गेलं. २००० इतकं भरदार नाही, पण आंबटपणा ताजा आणि टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा, पिकलेलं. १९६१ पुढं १९६२ चं तेच झालं.

आता हे घरी तपासायचं, तर आपल्याकडचा पहिला शत्रू ऊन. पुस्तकं म्हणतात, रेड खोलीच्या तापमानाला द्या. कुठल्या खोलीच्या? लिहिणाऱ्याची खोली १८ अंशांची, आपली मेमध्ये ३८. जुन्या बाटलीला १२ ते १४ अंशांचा अंधार लागतो, आणि आपण ती भाच्यानं परदेशातून आणली म्हणून शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली उभी करतो, तीही टीव्हीच्या वर. दोन उन्हाळ्यांत बूच वर सरकतं, वेष्टणाखाली चिकट ओघळ येतो आणि आत वाईनऐवजी शिजवलेल्या फळाचा वास उरतो. विकत घेताना तीन गोष्टी पाहा. बूच तोंडाच्या पातळीत असावं, ओघळ नसावा, वाईन खांद्याखाली उतरलेली नसावी. टेस्टिंग हुरड्याच्या दिवसांत ठेवा. तरीही पेला हातात पटकन तापतो, म्हणून १८ ऐवजी १५-१६ अंशांना ओता.

बाटल्या निवडताना जोड्या लावा. एकाच शातोची (बोर्दोतलं वाईन करणारं घर) २००० आणि २००१, अशा तीन जोड्या. निरनिराळ्या घरांच्या घेतल्या तर तुलना मालकांची होते, वर्षांची नाही. सहा वाईन, सातवा पेला यांपैकीच एकीचा, गुपचूप दुसऱ्यांदा. दहा माणसांना तीस-तीस मिलिलीटर म्हणजे त्या दोनदा येणाऱ्या बाटलीतून ६०० मिलि जाणार. ७५० मधून गाळ वजा करून ते जमतं. दहापेक्षा जास्त पाहुणे बोलवू नका. पेले सत्तर लागतात, सारखे आणि निमुळत्या तोंडाचे. भांड्यांच्या साबणाचा वास राहतो, म्हणून नुसत्या गरम पाण्यानं खळबळा.

बाटल्या किमान दोन दिवस उभ्या ठेवा, गाळ तळाशी बसू द्या. पंचवीस वर्षांचं बूच स्क्रूनं भुगा होतं; दोन पात्यांचं, बाजूनं सरकवून फिरवत काढायचं ओपनर वापरा. गळ्यामागं टॉर्च धरून एका दमात डिकँटरमध्ये (काचेच्या सुरईत) ओता, गाळाची रेघ गळ्याशी आली की थांबा. मग बिनलेबलाच्या सारख्या बाटल्यांत भरा; नुसती पिशवी चढवली तर बाटलीच्या खांद्यांवरून जाणकार ओळखतो. आणि हे तासभर आधीच करा, सकाळी नाही. जुनी वाईन दमते. ओतणाऱ्यानं एकदा बाटल्यांना अक्षरं द्यावीत, दुसऱ्यानं ती बंद दाराआड बदलावीत. दोघांनीही चाखू नये. प्रत्येकाला क्रम वेगळा द्या, पहिल्या पेल्याला अनेकदा झुकतं माप मिळतं. अत्तर, मोगऱ्याचा गजरा, उदबत्ती त्या खोलीत नको. पान खाऊन आलेल्याला प्रेमानं दुसऱ्या दिवशी बोलवा. तोंड साफ करायला बिनमिठाची भाकरी आणि पाणी. चीज नको, त्यानं टॅनिनचा तुरटपणा झाकला जातो. थुंकायला झाकणाचा डबा प्रत्येकाला.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. मग निकाल पळत पळत.

गुण देऊ नका, क्रमांक द्या. कुणाचे अठरा आणि कुणाचे बारा यांची बेरीज होत नाही. आधी जुळ्या पेल्यांकडे बघा. एकाच वाईनला कुणी दुसरा आणि सहावा क्रमांक दिला, तर त्याचा कागद मोजू नका. वाईट वाटून घेऊ नका. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन तीनदा दिली, तेव्हा दहातला जेमतेम एक परीक्षक स्वतःशी सुसंगत निघाला. उरलेल्या कागदांवर प्रत्येक जोडी स्वतंत्र बघा. २००१ ला २००० च्या वर किती जणांनी ठेवलं? दहापैकी सहा म्हणजे काहीच नाही, नाणं उडवूनही येतं. नऊ आले तर बोला. क्रमांक विखुरलेले असतील, म्हणजे कुणाचा पहिला तर कुणाचा शेवटचा, तर सरासरी सांगू नका, मतभेद सांगा. आणि एखाद्या पेल्याला भिजलेल्या गोणपाटाचा वास आला, तर तो बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाचा दोष, त्या वर्षाचा नाही. ती जोडी रद्द करा. परवडलं तर प्रत्येकीची दुसरी बाटली राखून ठेवा, कारण या वयात एकाच पेटीतल्या दोन बाटल्याही एकमेकींशी बोलत नाहीत.

प्रश्न दारापाशी घेतो. सभागृहाला कुलूप लागतंय.